साक्षीदार आहेत तोवर



माझी उमेदीची सगळी वर्षं माहितीपटांच्या संकलनात गेली. म्हणून संयोजकांनी विषय माझ्यावरच सोपवला तेव्हा मनात एकच नाव आलं. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर इतिहासाचे शिक्षक होते. पाठ्यपुस्तकातल्या वाक्यावर बोट ठेवून ‘हे कुणी पाहिलं?’ असं ते मुलांना विचारत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. हाच प्रश्न उराशी धरून दूरचित्रवाणीचं माध्यम वापरलेला एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. हेन्री हॅम्प्टन. आज त्यांच्या कामाविषयी बोलायचं आहे.

1987 साली, 21 जानेवारी ते 25 फेब्रुवारी या सहा आठवड्यांत, अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर म्हणजे पीबीएसवर ‘आइज ऑन द प्राइझ’ ही सहा तासांची मालिका दाखवली गेली. 1954 ते 1965 या काळातला कृष्णवर्णीयांचा नागरी हक्कांचा लढा हा तिचा विषय. 1990 साली तिचा आठ तासांचा दुसरा भाग आला आणि कथा 1985 पर्यंत पोचली. या चौदा तासांमागचे प्रमुख निर्माते हॅम्प्टन. निर्माता म्हटलं की आपल्याकडे पैसे घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या माहितीपटात निर्माता पैसे उभे करतोच, पण विषय काय, बोलणार कोण, कोणतं चित्र कशाचा पुरावा म्हणून चालेल आणि कोणतं चालणार नाही, हे सगळं ठरवणाराही तोच असतो. संकलकाच्या टेबलावर जे येतं त्याची नीतिमत्ता निर्मात्याने आधीच ठरवलेली असते. हे मी अनुभवाने सांगतो आहे.

हॅम्प्टन यांचा जन्म 1940 चा, मिसूरी राज्यातल्या सेंट लुइसचा. वडील शल्यविशारद. कृष्णवर्णीय रुग्णांसाठी आणि डॉक्टरांसाठी बांधलेल्या होमर जी. फिलिप्स हॉस्पिटलमध्ये ते मोठ्या पदावर होते. घर सुस्थितीतलं. 1955 साली, पंधराव्या वर्षी, हेन्रीला पोलिओ झाला. साल्क यांची लस यशस्वी ठरल्याची घोषणा त्याच वर्षीच्या एप्रिलमधली. या मुलाच्या बाबतीत ती थोडक्यात चुकली. खेळणारा, धावणारा मुलगा उरलेलं आयुष्य पायाला आधार लावून चालला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. तीस वर्षांनंतर हॅम्प्टन यांनी मालिकेच्या पहिल्याच भागात टिलची गोष्ट घेतली. दोघं जवळपास एका वयाचे होते, हे मालिकेत कुठे म्हटलेलं नाही. पण पहिला भाग पाहताना मला ते विसरता येत नाही.

साहित्याची पदवी, मग थोडे दिवस मॉन्ट्रियलला वैद्यकीय शिक्षण. ते सोडून बॉस्टनला आले आणि युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट या उदारमतवादी धर्मसंस्थेत माहिती संचालक म्हणून लागले. तिथून त्यांची गाठ सेल्माशी पडली.

सेल्मा हे अलाबामातलं लहान गाव. 7 मार्च 1965, रविवार. मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सुमारे 600 लोकांवर एडमंड पेटस पुलापाशी पोलिसांनी लाठ्या, अश्रुधूर आणि घोडे घातले. त्या रात्री एबीसी वाहिनीवर ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’ हा नाझींवरच्या खटल्याचा चित्रपट चालू होता. तो मध्येच थांबवून पुलावरचं चित्रण दाखवलं गेलं. सुमारे 4 कोटी 80 लाख लोक तेव्हा तो चित्रपट पाहत होते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी देशभरच्या धर्मगुरूंना सेल्माला येण्याची हाक दिली आणि ते आले. मंगळवारी दुसरा मोर्चा निघाला. पुलापलीकडे पोलीस दिसताच किंगनी लोकांना गुडघे टेकून प्रार्थना करायला लावली आणि मोर्चा मागे फिरवला. त्या संध्याकाळी जेम्स रीब या युनिटेरियन धर्मगुरूला गोऱ्या गुंडांनी रस्त्यात मारलं. दोन दिवसांनी ते गेले.

पायाला आधार लावलेले पंचवीस वर्षांचे हॅम्प्टन मंगळवारच्या त्या मोर्च्यात चालत होते. या घटनेवर दूरचित्रवाणीवर काहीतरी मोठं व्हायला हवं, हे तिथेच मनात आलं असं ते पुढे सांगत. विचार तेव्हाचा आणि मालिका 1987 ची. मधली बावीस वर्षं, माझ्या मते, त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे.

1968 साली त्यांनी बॉस्टनमध्ये ‘ब्लॅकसाइड’ ही कंपनी काढली. कृष्णवर्णीय मालकीची चित्रपट कंपनी. तिने पहिली कित्येक वर्षं सरकारी खात्यांचे प्रशिक्षणपट, जाहिराती, लोकजागृतीचे छोटे तुकडे केले. या कामाला कुणी पारितोषिक देत नाही. पण त्यावर कंपनी जगली आणि माणसं तयार झाली. माहितीपटाच्या क्षेत्रात येणाऱ्या तरुणांना मी हे आवर्जून सांगतो, कारण पहिल्याच वर्षी आयुष्यातला विषय हाती घेऊन दुसऱ्या वर्षी खचलेली मुलं मी पाहिली आहेत.

1979 च्या सुमारास एका व्यापारी माध्यम कंपनीच्या पैशावर नागरी हक्कांच्या मालिकेचा पहिला प्रयत्न झाला. मुलाखती चित्रित झाल्या, काही भाग जोडलेही गेले. कंपनीला ते पसंत पडलं नाही. प्रकल्प बंद झाला. व्यवहारी माणूस इथे विषय सोडून देतो. हॅम्प्टन यांनी चित्रण जपून ठेवलं.

त्या चित्रणात काय होतं ते पाहा. माँटगोमेरीच्या ई. डी. निक्सन यांची मुलाखत होती. निक्सन रेल्वेच्या पुलमन डब्यांवर पोर्टर होते आणि गावातल्या चळवळीचा कणा होते. 1 डिसेंबर 1955 ला रोझा पार्क्सना बसमधली जागा सोडली नाही म्हणून अटक झाली, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवायला गेलेला माणूस हा. जो ॲन रॉबिन्सन यांचीही मुलाखत होती. त्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. अटकेची बातमी कळली त्या रात्री त्या कॉलेजात गेल्या आणि पहाटेपर्यंत बसबहिष्काराची हजारो पत्रकं सायक्लोस्टाइल यंत्रावर काढली. सकाळी ती गावभर वाटली गेली. किंग यांचं नाव देशाला कळण्याच्या आधीची ही रात्र. बहिष्कार किंगनी सुरू केला असं आपण शाळेत शिकलो. या बाईंचं बोलणं ऐकलं की चित्र बदलतं.

निक्सन 25 फेब्रुवारी 1987 रोजी वारले. मालिकेचा शेवटचा भाग दाखवला गेला तोच हा दिवस. 1979 चा प्रयत्न ‘फसला’ असं कागदोपत्री म्हणता येईल. पण त्या फसलेल्या प्रयत्नाने एका साक्षीदाराला कडक आवाजात, स्वच्छ स्मरणशक्तीने बोलताना पकडून ठेवलं होतं. पैसे नीट जमू देत, मग मुलाखती घेऊ, असं म्हणणाऱ्या प्रत्येक निर्मात्याला मी ही तारीख सांगतो.

1985 मध्ये सार्वजनिक दूरचित्रवाणीसाठी काम पुन्हा उभं राहिलं. हॅम्प्टन यांनी आधी कॅमेरा बाहेर काढला नाही. त्यांनी शाळा भरवली. ब्लॅकसाइडमध्ये तिला ‘स्कूल’ असंच म्हणत. व्हिन्सेंट हार्डिंग, क्लेबर्न कार्सन, डेव्हिड गॅरो, डार्लीन क्लार्क हाइन असे इतिहासाचे अभ्यासक मालिकेचे सल्लागार होते. चळवळीत तुरुंगात गेलेली माणसं आली, आणि त्यांच्यासमोर निर्माते, लेखक, संशोधक विद्यार्थ्यांसारखे बसले. दिवसचे दिवस वाद झाले. मालिका जमिनीवर उभी राहिली ती या वादांमुळे, असं माझं मत आहे.

दुसरा निर्णय माणसांच्या निवडीचा. प्रत्येक भागाची जबाबदारी एकट्यावर न देता कृष्णवर्णीय आणि गोरे, स्त्रिया आणि पुरुष अशा मिश्र जोड्यांवर दिली. सहावा भाग, सेल्माचा, कॅली क्रॉसली आणि जेम्स डिव्हिनी यांनी केला. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. मालिकेचे निर्माते आणि छायाचित्रकार जॉन एल्स गोरे होते, पण तरुणपणी मिसिसिपीत चळवळीचं काम केलेले होते. पहिल्या भागाच्या ज्युडिथ व्हेकिओनी व्हिएतनाम युद्धावरच्या मोठ्या मालिकेतून आल्या होत्या. अशा खोलीत एकाच दृश्याकडे दोन माणसं दोन तऱ्हांनी पाहतात. कच्चं संकलन झालं की सगळ्यांसमोर ते दाखवायचं आणि सगळ्यांनी चिरफाड करायची, हा तिथला रिवाज. काम वेळेत संपवण्याच्या दृष्टीने अशी व्यवस्था भयंकर. खर्च वाढतो, माणसं दुखावतात. हॅम्प्टन यांच्याबरोबर काम केलेल्यांनी या त्रासाविषयी मोकळेपणी लिहिलं आहे. पण एकमेकांना न पटलेली चार माणसं जेव्हा एका कटवर येऊन थांबतात, तेव्हा तो कट सहसा टिकतो.

तिसरा निर्णय सर्वांत कडक. पडद्यावर तज्ज्ञ येणार नाही. जो त्या जागी होता तोच बोलेल. इतिहासकारांनी शाळेत शिकवायचं, पटकथा तपासायची, पण कॅमेऱ्यासमोर बसून ‘याचा अर्थ असा’ म्हणायचं नाही. निवेदन मोजकं आणि तेही ज्युलियन बाँड यांच्या आवाजात. बाँड स्वतः विद्यार्थी चळवळीतून आलेले. घटना पुन्हा रचून चित्रित करायची नाही.

आता थोडं फिल्मविषयी बोलतो. आज हातातल्या फोनवर तासभर चित्रण करणाऱ्यांना ते माहीत असायला हवं.

त्या काळातली बातम्यांची फिल्म 16 मिलिमीटरची. चारशे फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं. हातात धरायच्या छोट्या मुक्या कॅमेऱ्यात शंभर फूट बसतात, म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाहीत. मोर्च्यात उभ्या असलेल्या कॅमेरामनला बटण कधी दाबायचं हे क्षणाक्षणाला ठरवावं लागे. लाठी पडली आणि कॅमेरा बंद असेल तर ती लाठी चित्रपटाच्या इतिहासात पडलीच नाही. शिवाय ही फिल्म बहुधा रिव्हर्सल जातीची असे. तिला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून जी जाते तीच धुऊन पॉझिटिव्ह होते आणि संध्याकाळच्या बातम्यांसाठी तीच कापली जाते. वापरलेला तुकडा एकुलता एक असतो आणि उरलेलं बऱ्याचदा कचऱ्यात जातं. म्हणून ब्लॅकसाइडच्या संशोधकांना गावोगावची स्थानिक केंद्रं, तळघरं, वाहिन्यांची ग्रंथालयं पालथी घालावी लागली. पुष्कळ चित्रण मुकं होतं. त्याला कुठला आवाज लावायचा हा मोह मोठा असतो. दुसरीकडचा गलका इथे चिकटवला तर कुणाला कळणार आहे? संकलकाला कळतं. आणि एकदा असं केलं की पुढच्या खऱ्या आवाजावरचा त्याचा स्वतःचा विश्वास उडतो.

सेल्माच्या भागातलं एक दृश्य मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. 16 फेब्रुवारी 1965, डॅलस काउंटीच्या कोर्टाच्या पायऱ्या. रेव्हरंड सी. टी. व्हिव्हियन मतदार नोंदणीसाठी आलेल्या लोकांना घेऊन उभे आहेत. समोर शेरीफ जिम क्लार्क आणि त्यांचे शिपाई. व्हिव्हियन बोलताहेत. आवाज तापलेला, पण शब्द नीट. क्लार्क त्यांच्याकडे पाठ करतात, आणि व्हिव्हियन त्या पाठीशी बोलत राहतात. तुम्ही माझ्याकडे पाठ कराल, न्यायाकडे करता येणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी. मग गर्दीतून एक ठोसा येतो. चित्र हलतं. व्हिव्हियन पायऱ्यांवरून खाली जातात, उठतात, तोंडाला रक्त, आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे बोलू लागतात.

हे दृश्य हाताळताना संकलकापुढे दोन वाटा असतात. ठोशावर कापून वेग वाढवायचा, किंवा आधीचं बोलणं पुरेसं लांब ठेवायचं. मालिकेने बोलणं ठेवलं. त्यामुळे ठोसा बसतो तेव्हा तो एका माणसाला बसत नाही, एका युक्तिवादाला बसतो. पाठ फिरवलेला क्लार्क दिसत राहतो तेवढा वेळ प्रेक्षकालाही अवघडून जायला होतं. मी असा धीर फार उशिरा शिकलो, आणि शिकलो तो अशीच कामं पुन्हा पुन्हा पाहून.

यापुढची गोष्ट महत्त्वाची. निर्मात्यांनी व्हिव्हियन यांची मुलाखत घेतली, तशीच क्लार्क यांचीही घेतली. सेल्माचे तेव्हाचे महापौर जो स्मिदरमन बोलले. अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेसही बोलले. आपण ठोसा मारल्याचं आठवत नव्हतं, डॉक्टरांनी एक्स-रे काढून बोटाचं हाड मोडल्याचं सांगितलं तेव्हा कळलं, असं क्लार्क यांनी नंतर सांगितलं आहे. याच्यावर टिप्पणी करायची गरज उरते का? मारणाऱ्याला बोलू द्यावं, पूर्ण बोलू द्यावं, आणि मग चित्र त्याच्या शेजारी ठेवावं. हॅम्प्टन यांच्या चळवळीवरच्या श्रद्धेविषयी कुणाला शंका नव्हती. म्हणूनच त्यांना समोरच्या बाजूचं बोलणं कापायची भीती वाटली नाही.

शेयन वेब तेव्हा लहान मुलगी होती. त्या रविवारी पुलावरून पळताना चळवळीचे नेते होझिया विल्यम्स यांनी तिला उचलून घेतलं. मला खाली ठेवा, तुम्ही पुरेसं जोरात धावत नाही, असं आपण त्यांना म्हटल्याचं ती सांगते. कुठल्याही प्राध्यापकाच्या विश्लेषणात हे वाक्य आलं नसतं.

साक्षीदारांवर भिस्त ठेवण्याला किंमत असते, तीही सांगायला हवी. माणसाची आठवण वीस-तीस वर्षांत सरकते. ऐकलेलं पाहिल्यासारखं वाटू लागतं. शिवाय साक्षीदार घटना सांगतो, व्यवस्था सांगू शकत नाही. कापसाच्या शेतीचं अर्थकारण किंवा उत्तरेकडच्या शहरांतला घरांचा प्रश्न कुणा एकाच्या डोळ्यांसमोर घडत नाही. पहिल्या सहा तासांत ही उणीव जाणवते. 1990 च्या दुसऱ्या भागात ती भरून काढण्याचा प्रयत्न दिसतो. शिकागोतली घरं, डेट्रॉइटची दंगल, अॅटिकाचा तुरुंग, ब्लॅक पँथर्स, आणि हॅम्प्टन यांनी आपलं केलेलं गाव बॉस्टन, जिथे 1974 मध्ये शाळांच्या एकत्रीकरणावरून गोऱ्या वस्त्यांनी कृष्णवर्णीय मुलांच्या बसवर दगड फेकले. स्वतःच्या गावाचा हा भाग गाळणं सोपं होतं.

दुसऱ्या भागात सॅम पोलार्ड आले. त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण ते मुळात संकलक. 1950 चा जन्म, न्यूयॉर्कचे. तिथल्या सार्वजनिक केंद्राच्या, डब्ल्यूएनईटीच्या, प्रशिक्षण कार्यशाळेतून या धंद्यात आले आणि सहायक म्हणून जुन्या संकलकाच्या हाताखाली शिकले. ‘आइज’च्या दुसऱ्या भागात हॅम्प्टन यांनी त्यांच्यावर निर्मात्याची जबाबदारी टाकली. एकीकडे स्पाइक ली यांच्या चित्रपटांचं संकलन, दुसरीकडे पीबीएससाठी माहितीपट, आणि न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवणं, अशी त्यांची वाटचाल झाली. ली यांच्याबरोबरचा ‘फोर लिटल गर्ल्स’ हा 1997 चा माहितीपट बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये 1963 साली बाँबने मारलेल्या चार मुलींचा. त्यालाही ऑस्करचं नामांकन होतं.

पोलार्ड यांचा 2020 चा ‘एमएलके/एफबीआय’ जरूर पाहा. किंग यांच्यामागे सरकारने लावलेल्या पाळतीचा तो इतिहास आहे. त्यात इतिहासकार आणि साक्षीदार बोलतात, पण दिसत नाहीत. पडदाभर जुनं चित्रण चालू राहतं आणि आवाज त्यावरून जातात. चेहरे येतात ते शेवटी. किंग यांच्या खोल्यांत लावलेल्या यंत्रांचं ध्वनिमुद्रण न्यायालयाच्या 1977 च्या आदेशाने 2027 पर्यंत मोहोरबंद केलं गेलं. ते बाहेर आलं तर ऐकावं का, हा प्रश्न माहितीपट स्वतःच विचारतो. संकलकाच्या अंगात निर्माता संचारला की काय होतं, ते इथे दिसतं.

पुन्हा हॅम्प्टन यांच्याकडे येऊ. मालिकेचं पुढे काय झालं, हा प्रकार ऐकला की मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. जुनं चित्रण, छायाचित्रं, गाणी यांचे हक्क विकत घ्यावे लागतात. कायमचे घ्यायचे तर किंमत मोठी. पैशाची सदाचीच ओढाताण असल्यामुळे ब्लॅकसाइडने ते काही वर्षांपुरते घेतले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मुदती संपू लागल्या. मालिका पुन्हा दाखवता येईना, नव्या प्रती विकता येईनात. शाळांच्या कपाटांत जुन्या व्हिडिओ कॅसेट होत्या, त्या झिजत गेल्या. किंग यांच्या वाढदिवशी सहकारी ‘हॅपी बर्थडे’ म्हणतात असं एक दृश्य आहे. त्या गाण्यावरही तेव्हा एका कंपनीचा स्वामित्वाचा दावा होता, आणि या प्रकरणात त्याची फार चर्चा झाली. लोकांनी रस्त्यावर मार खाऊन मिळवलेला हक्क, त्याचं चित्रण लोकांच्याच दूरचित्रवाणीवर लावायला परवानगी नाही! अखेर फोर्ड फाउंडेशन आणि इतर देणगीदारांच्या पैशातून हक्क पुन्हा घेतले गेले आणि 2006 साली मालिका पडद्यावर परतली. सुमारे दहा वर्षं एक अख्खी पिढी शाळेतून तिच्याशिवाय बाहेर पडली.

ते परतणं हॅम्प्टन यांनी पाहिलं नाही. 22 नोव्हेंबर 1998 ला, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते गेले. त्याआधी महामंदीवर, माल्कम एक्सवर, गरिबीविरुद्धच्या सरकारी मोहिमेवर त्यांनी मालिका आणि माहितीपट केले होते. कंपनी त्यांच्यानंतर फार टिकली नाही. पण त्यांच्या कामाचा सगळा साठा, चित्रण, पत्रव्यवहार, कागद, सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने घेतला. त्यांचं ते स्वतःचं विद्यापीठ. पडद्यावर दोन मिनिटं आलेल्या माणसाची मूळ मुलाखत पूर्ण वाचायची तर तिथे मिळते. कापून टाकलेलं जपणं हे संकलकाला एरवी सुचत नाही. हॅम्प्टन यांच्या कामात ते घडलं, आणि म्हणून आता कुणीही येऊन आमच्या कटची उलटतपासणी करू शकतो.

ज्या व्यवस्थेच्या आधाराने हे झालं ती व्यवस्थाही आता हादरली आहे. अध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने 1967 साली सार्वजनिक प्रसारणाचा कायदा आणि त्याचं महामंडळ अस्तित्वात आलं. 2025 च्या जुलैमध्ये अमेरिकी संसदेने त्या महामंडळाचा 1.1 अब्ज डॉलरचा निधी काढून घेतला आणि पुढच्याच महिन्यात महामंडळाने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मोठी केंद्रं देणग्यांवर तग धरतील. ज्या लहान गावच्या केंद्राच्या तळघरात उद्याच्या हॅम्प्टनला लागणारं चित्रण पडलेलं असेल, त्याचं काय?

आपल्याकडे वळतो. 1972 साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढे नामांतराचा लढा, 1982 चा गिरणी संप, हे सगळं दूरचित्रवाणी घरात असलेल्या महाराष्ट्रात घडलं. या प्रत्येकावर साक्षीदारांच्या तोंडून सांगितलेली सहा-सहा तासांची मालिका सार्वजनिक वाहिनीवर व्हायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. ते काम एकेकट्या माणसांनी केलं. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ घ्या. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धन यांच्याजवळ घोगरे यांचं जुनं चित्रण होतं, 1985 च्या ‘हमारा शहर’साठी घेतलेलं. ते होतं म्हणून हा माहितीपट तिथून सुरू होऊ शकला. पूर्ण व्हायला चौदा वर्षं लागली. याच दिग्दर्शकाला आपले माहितीपट दूरदर्शनवर लागावेत म्हणून न्यायालयाची पायरी चढावी लागली होती.

मी जिथे नोकरी केली तिथे टेप महाग म्हणून जुन्यावर नवं मुद्रित करण्याची पद्धत होती. बीबीसीसारख्या संस्थेनेही तेच केलं होतं, म्हणून आमच्या वरिष्ठांना त्यात वावगं वाटत नसे. शाहिरांचे फड, कामगारांच्या सभा, गावोगावच्या सत्याग्रहींच्या मुलाखती असलेल्या टेप पुसायला जाताना मी पाहिल्या आहेत. पेटीवर खडूने फक्त क्रमांक असे. आत कोण बोलतं आहे हे पुसणाऱ्याला कळायला मार्गच नव्हता. त्यावर नाव, गाव आणि तारीख असती तर त्यातल्या काही तरी वाचल्या असत्या.

म्हणून या सभागृहातल्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या घरात, संघटनेच्या कपाटात, शाळेच्या माळ्यावर जुन्या व्हिडिओ कॅसेट, ध्वनिफिती, आठ मिलिमीटरची रिळं असतील. चालतात की नाही ते नंतर पाहा. आधी प्रत्येकावर चित्रण कुठलं, कधीचं, त्यात कोण आहे आणि ते कुणी घेतलं, एवढं लिहा. मग ती एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा विद्यापीठाकडे लेखी पोच घेऊन द्या, आणि देताना ती लोकांना पाहता यावीत अशी अट कागदावर घाला. गिरणी संपात उतरलेला विशीतला कामगार आज साठी ओलांडून पुढे गेला आहे. नामांतरासाठी चालत गेलेले तरुण आता आजोबा आहेत. ज्यांच्या हातात कॅमेरा आहे त्यांनी अनुदानाची वाट न पाहता या महिन्यात त्यांच्यापैकी एकाकडे तरी जावं, आणि त्यांना मध्ये न तोडता पूर्ण बोलू द्यावं.